पत्ताबाईंचा शास्त्राचा वर्ग

माझ्या मावशीला टपाल कचेरीत सगळे पत्ताबाई म्हणायचे. मागे नाही, तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. चौतीस वर्षं ती मुख्य कचेरीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत बसली. कुणालाच न पोचलेलं टपाल त्या खोलीत यायचं. कुठे पत्ता अर्धवट, कुठे घर पाडलेलं, कुठे माणूस निघून गेलेला, कुठे शाई पसरलेली. एकदा तर पाकिटावर नुसतं 'आत्याला' एवढंच लिहिलेलं होतं. अशी पत्रं योग्य हाती लावायची, नाहीतर लिहिणाऱ्याकडे परत धाडायची, हे तिचं काम. ती आत्याही तिने सहा दिवसांत शोधून काढली.

खोलीत भिंतभर लाकडी खण होते, एक लांब टेबल, मान वाकवता येणारा दिवा आणि दोरीने टेबलाला बांधलेलं भिंग. बांधलेलं अशासाठी, की वरच्या मजल्यावरचे लोक ते उचलून न्यायचे आणि परत आणायला विसरायचे.

घरात आम्ही चौघी. आजी, माझी आई, मावशी आणि मी. आई शिवणकाम करायची. मावशीने लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "जी पाकिटं आली त्यांच्यावर पत्ता दुसऱ्याच कुणाचा तरी होता."

तिच्या खोलीचे काही नियम होते. नव्या माणसाला ती ते पहिल्याच दिवशी सांगायची. पत्र लगेच फोडायचं नाही, आधी पाकीट बघायचं. शिक्का कुठला, तारीख कुठली, अक्षर घाईचं की सावकाशीचं. फोडावंच लागलं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचायचं, मधल्या ओळीवरून निकाल द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्रात 'तू' असं लिहिलं असेल तर तो 'तू' आपण नव्हे, हे एक क्षणही विसरायचं नाही.

यातला मधल्या ओळीचा नियम एका नव्या कारकुनाने चांगलाच गाजवला. त्याला एका फाटक्या पाकिटातलं सुटं पान मिळालं. त्यावर लिहिलं होतं, 'त्याला आता जाळूनच टाक. शेजारी वासाने हैराण झालेत. रविवारी सगळे बाहेर गेले की मागच्या अंगणात ओढत ने आणि काम उरक.' बिचारा पोलिसांना फोन लावायला निघाला, तेवढ्यात मावशीने पिशवी उलटी करून उरलेली दोन पानं शोधली. पहिल्या पानावर आजोबांच्या जुन्या गालिचाची हकीकत होती. त्यावर मांजर सहा महिने काय करत होतं याचं साग्रसंगीत वर्णन होतं. कारकून पुढे मोठा अधिकारी झाला, तरी कचेरीत त्याला 'गालिचा' हेच नाव राहिलं.

आता हीच बाई दर रविवारी चर्चमध्ये बसायची आणि पवित्र शास्त्र मात्र इतर सगळ्यांसारखंच वाचायची. म्हणजे पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखाली येईल ते वचन आपल्यासाठी. आमच्या चर्चच्या मंडळीत तीच पद्धत होती. लग्न ठरवायचं असो की दाताचं दुखणं असो, बोट ठेवलं की झालं.

आमच्या घरात एक वचन होतं. आजीने ते स्वतः कापडावर भरून, चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. एका संदेष्ट्याच्या ग्रंथातली ती ओळ. तुमच्याविषयीचे माझे बेत भल्याचे आहेत, तुम्हाला आशा द्यावी असे आहेत, असा तिचा आशय. ती चौकट माझ्या मामाच्या पलंगाच्या वर होती. मामा बोटीवर कामाला गेला होता. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली, मग थांबली. जहाज कंपनीने एवढंच कळवलं की तो मधल्याच कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत चढला नाही. शहरभरच्या हरवलेल्या पत्रांचा माग काढणाऱ्या मावशीला सख्ख्या भावाचा माग लागत नव्हता. याबद्दल ती कधी बोलली नाही. पण परदेशी शिक्क्याचं पाकीट आलं की ते ती आधी हातात घ्यायची, हे मला तिच्या साहेबांनी खूप वर्षांनी सांगितलं.

आजी दर पंधरा दिवसांनी मामाच्या पलंगावरची चादर बदलायची. अकरा वर्षं त्या पलंगावर कुणी झोपलं नव्हतं. मी शिवणाच्या मशीनशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपायचे आणि सकाळी अंगाला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असायचे.

ते वचन मावशीनेही एका कार्डावर लिहून कचेरीच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साहेब तिथे उभे राहून ते वाचत होते. साहेब म्हणजे निवृत्तीला आलेले, सडसडीत, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारे गृहस्थ.

"वाक्य छान आहे," ते म्हणाले. "कुठलं?"

"शास्त्रातलं. एका पत्रातलं आहे ते," मावशी म्हणाली. तेवढं तिला माहीत होतं.

"असं का! कुणी कुणाला लिहिलेलं पत्र?"

ते तिला माहीत नव्हतं. साहेबांनी काही टोमणा मारला नव्हता, सहज विचारलं होतं. ते डबा धुवायला निघूनही गेले. मावशी मात्र तोंडात मारल्यासारखी बसून राहिली. दिवसातून साठ वेळा हा प्रश्न ती पाकिटांना विचारायची, आणि जे वाक्य अकरा वर्षं तिच्या घराला धरून होतं त्याला तिने तो एकदाही विचारला नव्हता.

त्या रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसली. मी समोर गणितं करत होते. तिने ते पत्र सुरुवातीपासून वाचलं. मग मागचा अध्याय वाचला, मग पुढचा, मग पुन्हा पत्र. मध्येच कागद घेऊन काहीतरी मांडलं. मी विचारलं, "मावशी, तुलाही गृहपाठ आहे का?" तर म्हणाली, "हो, आणि अकरा वर्षं उशीर झालाय."

तिला सापडलं ते असं. पत्र पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं. शत्रूने त्यांना आपल्या राजधानीत नेऊन ठेवलं होतं आणि संदेष्टा मागे, आपल्या शहरात राहिला होता. तिकडे निघालेल्या राजाच्या माणसांच्या हाती त्याने ते पाठवलं. मागच्या अध्यायात दुसरा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता, की दोन वर्षांत सुटका होणार. आणि हे पत्र सांगत होतं, की नाही, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराचं भलं बघा. भल्याच्या बेताचं ते वाक्य याच्या नंतर येत होतं. मावशीने कागदावर वयं मांडली होती. ते पत्र पहिल्यांदा ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी परत येणारं जवळजवळ कुणीच नव्हतं.

संध्याकाळी तिने हे आजीला सांगितलं. माझी आई मान हलवून नको नको म्हणत होती, पण मावशी सांगायची थांबली नाही.

आजीने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे ते माझ्यासाठी नाहीच?"

"तुझ्या नावाने आलेलं नाही, आई. पण आज तुझ्या हातात आहे."

"आणि माझा मुलगा परत येईल असं त्यात लिहिलेलं नाही."

"नाही," ती म्हणाली.

आजी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मीठसुद्धा माझ्या हातून द्यायची. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर मामाच्या पलंगावरची चादर काढलेली, गादी खिडकीत उन्हाला टाकलेली, आणि आजी पलंगाचे पाय पुसत होती.

"घरं बांधा, बागा लावा म्हणतो ना तो?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मग पोरीला पलंग द्यायला कुणाची हरकत आहे? तो आला तर आपण दुसरा आणू."

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा पलंगावर झोपले. मामाचं पुढे काही कळलं नाही. चौकट मात्र आजीने काढली नाही. पलंग दिला म्हणून तिने आशा सोडली नव्हती. फक्त आता कुणी त्या ओळीचं कौतुक केलं की आजी त्याला बसवून घ्यायची आणि अख्खं पत्र सांगायची. पाहुणे निघायची घाई करत असले तरी सुटका नव्हती.

मावशीचं मात्र तिथून चक्र फिरलं. कचेरीत प्रत्येक अडलेल्या पत्रासाठी एक कार्ड भरायचे. लिहिणारा, घेणारा, कुठून, कुठे, कुणाच्या हाती. तसलीच कार्डं तिने शास्त्रातल्या एकेका पत्रासाठी करायला घेतली आणि खाली दोन रकाने वाढवले. एक, 'आधी काय घडलं होतं' आणि दुसरा, 'हे कशाचं उत्तर आहे'. दुसरा रकाना पुष्कळदा रिकामाच राहायचा. ती म्हणायची, शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलतंय आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येतेय, असं समजा. वाचनालयातून तिने जुने नकाशे आणले, शब्दकोश आणले. तीन वेगवेगळी भाषांतरं शेजारी शेजारी उघडून ठेवायची आणि जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करायची. "जिथे भाषांतरकार भांडतात," ती सांगायची, "तिथे काहीतरी बघण्यासारखं असतं."

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, समजूतदार होते. तिच्या शंकांची उत्तरं देता देता दमले, तेव्हा त्यांनी आपल्या कपाटाची किल्लीच तिला दिली आणि चर्चच्या तळघरात मंगळवारी संध्याकाळी वर्ग घ्यायला सांगितलं. पहिल्या मंगळवारी पाच माणसं आली. त्यातल्या दोघी आई आणि मी, म्हणजे घरच्याच.

ती पहिल्यापासून तरबेज होती असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच वर्षी तिने एक मोठी चूक केली. श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून, म्हणजे नेढ्यातून, जाणं सोपं, हा दाखला चालला होता. मावशीने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की त्या काळी शहराच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा एक छोटा दरवाजा होता आणि त्यातून जायला उंटाला ओझं उतरवून गुडघे टेकावे लागत. हे तिने इतकं रंगवून सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ते प्रवचनातही घेतलं. मग महिन्याभराने दुसरं पुस्तक चाळताना तिच्या लक्षात आलं, की असा दरवाजा होता याचा त्या काळातला काहीएक पुरावा नाही. ती गोष्ट कित्येक शतकांनी कुणीतरी जोडलेली होती.

तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गं, कुणाला कळणार आहे?" पण मंगळवारी मावशी वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला एक दरवाजा दाखवला होता. तो नव्हता. मला तो हवा होता, कारण त्याने ते वाक्य सोपं होत होतं. उंट तेवढाच मोठा आहे आणि सुईही तेवढीच लहान." मग ती पाळकसाहेबांकडे वळली, "तुम्हालाही रविवारी सांगावं लागेल." पाळकसाहेबांनी सांगितलं, पण जरा हळू आवाजात.

त्या दिवसापासून लोक तिच्यावर विश्वास ठेवायला लागले. वर्ग वीस-बावीस जणांवर गेला.

मी अठ्ठावीस वर्षांची असताना आमच्या भागातला काचकारखाना बंद झाला. एका शुक्रवारी माणसं कामावर गेली तर फाटकाला कुलूप. चारेकशे घरांतली माणसं एका दिवसात रिकामी बसली. मंडळीने तळघरातल्या स्वयंपाकघरात आठवड्यातून तीन दिवस दुपारचं जेवण सुरू केलं. गरम सूप, पाव, उकडलेल्या भाज्या, कधी भात. मी तेव्हा नव्यानेच शहर बसवर चालक म्हणून लागले होते. सकाळची पाळी संपवून मी तिथे भांडी घासायला जायचे.

मंडळीच्या कमिटीचे चिटणीस घड्याळजी होते, घड्याळांच्या दुकानाचे मालक. मावशीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण दिसायचे मोठे. बारा वर्षांचे असल्यापासून स्वतःच्या हातावर जगलेले. माणूस अत्यंत सचोटीचा आणि तितकाच करडा. दोन महिने त्यांनी सगळं बघितलं. कुणी जेवून तासन्‌तास बाकावर पडून राहतं, कुणी दोनदा ताट घेतं, दोघं-तिघं पत्ते कुटत बसतात. एका सोमवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर एक पाटी आणून लावली. पांढरी पाटी, काळं सुबक अक्षर, चार स्क्रू. काम न करणाऱ्याने खाऊही नये, अशी ती शास्त्रातली ओळ होती.

दुपारी रांग लागली. पुढे एक काच फुंकणारा कारागीर होता. पन्नाशीचा, जाड मनगटांचा, गालांवर भट्टीच्या उष्णतेचा कायमचा लाल रंग. त्याने ताट उचललं होतं. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग ताट होतं तिथे ठेवलं, अगदी आवाज न करता, आणि टोपी घालून जिना चढून गेला. त्याच्या मागचे आणखी सहा-सात जण गेले. सुपाचं पातेलं अर्धं भरलेलं राहिलं.

मी हे मावशीला सांगितलं. ती टाचणीने एका पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ करत होती. तिने टाचणी खाली ठेवली आणि विचारलं, "पाटीवर पत्राचं नाव होतं?"

"नाही. नुसती ओळ."

"बरं," ती म्हणाली आणि शनिवारी दुपारी कमिटीची बैठक बोलवा, असा निरोप पाळकसाहेबांना धाडला.

बैठकीला कमिटीचे नऊ जण होते. भांडी घासणारे म्हणून आम्ही तिघी मागे उभ्या राहिलो. घड्याळजी ताठ बसले होते.

"बाई, मला एवढंच सांगा," त्यांनी सुरुवात केली, "ओळ शास्त्रातली आहे की नाही?"

"आहे," मावशी म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला."

"प्रश्न मिटण्याआधी पत्र वाचू या. पूर्ण."

"ही बैठक आहे, तुमचा मंगळवारचा वर्ग नव्हे."

"नऊ मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. तुमच्याच दुकानातलं घड्याळ आहे, मागेपुढे जात नाही."

कुणीतरी हसलं. घड्याळजींनाही नाही म्हणता येईना.

तिने उभं राहून वाचलं. प्रवचनाच्या आवाजात नाही, घरात आलेलं पत्र मोठ्याने वाचतात तसं. मी ती ओळ लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते पत्र सलग कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटतं, त्या खोलीत कुणीच ऐकलं नव्हतं. छळाने पिचलेल्या, घाबरलेल्या एका छोट्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र. शेवटचा दिवस येऊन ठेपला, अशी आवई त्यांच्यात उठलेली. कदाचित लिहिणाऱ्याच्या नावाने आलेल्या खोट्या पत्रामुळेसुद्धा, म्हणून तो शेवटी सांगतो की हे मी माझ्या हाताने लिहितोय, माझं अक्षर असं असतं. इथे मावशी क्षणभर थांबली. ही ओळ तिला फार प्रिय होती. तिच्या धंद्यातली होती.

वाचून झाल्यावर तिने कार्ड काढलं.

"ही ओळ तो कुणाबद्दल लिहितोय?" तिने विचारलं.

"आळशी लोकांबद्दल," घड्याळजी म्हणाले.

"बरोबर. काम असून न करणारे आणि लोकांच्या घरी जाऊन नसत्या उठाठेवी करणारे. ते त्यांच्यातलेच होते, लिहिणारा त्यांना ओळखत होता. आता आपल्या रांगेतलं सांगा. कारखान्याच्या फाटकाला कुलूप कुणी लावलं?"

"मालकांनी."

"ते आपल्याकडे जेवायला येतात?"

मागून खसखस पिकली. घड्याळजी तांबडे झाले, पण हटले नाहीत. "आणि त्या वेळच्या लोकांनी काम का सोडलं होतं? तेही सांगा की."

"ते पत्रात लिहिलेलं नाही," मावशी म्हणाली. "दिवस भरलेच आहेत तर राबायचं कशाला, असं त्यांना वाटलं असावं, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. काही वेगळं म्हणतात. मला खात्री नाही, म्हणून त्यावर मी काही उभारणार नाही. एकदा असला दरवाजा बांधून बसले होते, आठवतंय ना?" पाळकसाहेब खाली बघायला लागले. "पण एक गोष्ट कागदावर आहे. त्याच श्वासात तो म्हणतो, की भलं करताना थकू नका. आणि जो ऐकणार नाही त्यालाही शत्रू समजू नका, भाऊ समजून सांगा. घड्याळजी, तुमची ओळ खरी आहे. मी ती खोडणार नाही, तो माझा अधिकारच नाही. तुम्ही ती चुकीच्या दारावर लावलीत."

घड्याळजींनी हात पुढे केला. "पुस्तक द्या."

त्यांनी खिशातलं भिंग सवयीने डोळ्याला लावलं आणि ती ओळ वाचायला लागले. त्यांनी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आले. मग मावशीजवळची दुसरी दोन भाषांतरं मागून घेतली आणि तिन्हींवर बोट ठेवून पाहिलं.

"इथे 'करायचं नाही' असं आहे," ते अखेर म्हणाले. "ज्याला काम करायचं नाही. मी इतकी वर्षं 'करत नाही' असं वाचत होतो." त्यांनी भिंग काढलं. "एका शब्दाने दातेरी चाकासारखं सगळं फिरतं."

ते उठून दारापाशी गेले आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. तो घड्याळांचा, काडीएवढा. स्क्रू जागचे हलेनात. शेवटी चर्चच्या राखणदाराचा मोठा आणावा लागला, आणि चारही स्क्रू निघेपर्यंत सगळी कमिटी उभी राहून बघत होती. त्या माणसाला शरम वाटत असणार, पण पाटी त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिली नाही.

मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत होईल. पण काच फुंकणारा आला नाही. मावशी मला घेऊन त्याच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत त्याने स्वतः केलेल्या निळ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. त्याची बायको स्टुलावर बसून मोजे रफू करत होती. मावशीने पाटी काढल्याचं सांगितलं.

"काढलीत, बरं केलंत," तो म्हणाला. "पण बाई, वाचलेलं परत न वाचलेलं होत नाही."

मावशीने वाद घातला नाही. "बरोबर आहे," म्हणाली आणि आम्ही परत आलो. जिन्यात ती थांबली. मला म्हणाली, "अर्थ काय होता ते सांगणं माझं काम. ज्याला लागलं त्याला बरं करणं त्या अर्थाने होत नाही."

तीन आठवड्यांनी तो आला, बायकोला घेऊन. कशामुळे आला ते आम्हाला मागाहून त्याच्याच तोंडून कळलं. घड्याळजी त्याच्याकडे गेले होते. दारातच म्हणाले, "ती पाटी मी लिहिली होती. मी ओळ अर्धीच वाचली होती." आणि मग दोघं त्या निळ्या बाटल्यांबद्दल तासभर बोलत बसले. वर्षभरात त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं. जाताना त्याने स्वयंपाकघराला एक मोठी काचेची बरणी दिली. मिठाची बरणी म्हणून ती अजून वापरात आहे.

जेवण आणखी चार वर्षं चाललं. त्या बैठकीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी घड्याळजी वर्गात येऊन पहिल्या रांगेत बसले. वर्गाला तेव्हापासून खरी धार आली. मावशीने काही म्हटलं की त्यांचा हात वर. "कशावरून? कुठे लिहिलंय? आधीची ओळ वाचा." मावशी वैतागायची, घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा पक्का करायला वाचनालय गाठायची. ती निवृत्त झाली तेव्हा कचेरीने तिला निरोप दिला. त्या समारंभात वर्गाचे एकतीस जण मागे उभे होते. गालिचा साहेबांनी भाषण केलं आणि स्वतःचीच गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. मी तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. माझी मावशी, एवढंच डोक्यात घोळत होतं.

आज ती शहात्तर वर्षांची आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून दोन वर्षांपासून वर्ग घड्याळजी घेतात आणि ती पहिल्या रांगेत बसते. हात वर करायची पाळी आता तिची. मागच्या महिन्यात वर्गाने स्तोत्रं सुरू केली. पहिल्याच दिवशी तिने तक्रार मांडली, की या कवितांना पत्ता नाही, तारीख नाही, कुणी कुणाला लिहिलं ते नाही, आता माणसाने करायचं काय? घड्याळजी म्हणाले, "बाई, कविता पत्रासारखी वाचायची नसते."

"मग कशी वाचायची?" तिने विचारलं.

बुधवारी सकाळी मी बस घेऊन वाचनालयाच्या थांब्यावर थांबले, तर मावशी काठी टेकत पुढच्या दाराने चढली. हातात जुन्या काव्यरचनेवरची दोन जाडजूड पुस्तकं होती. "पुढच्या मंगळवारपर्यंत मला हे मोठ्याने वाचून दाखवायचंय तुला," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या सीटवर बसून तिने पहिलं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं.